एक प्यादं देऊन बसायचं की राजाला उघड्यावर काढायचं?

पत्र (जरा आटोपतं घेऊन) :

‘नमस्कार. मी मिरजेचा. वय ४३, बँकेत नोकरी. मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला सोडता सोडता स्वतःच पुन्हा खेळायला लागलो. रेटिंग दीड हजाराच्या आसपास. काळी मोहरी आली की ई४ला ई५ हेच माझं उत्तर, आणि इटालियन नावाच्या सुरुवातीत तिसऱ्या खेळीला मी घोडा एफ६ला काढतो. समोरच्याने चौथ्या खेळीला घोडा जी५ला आणला की माझे हात गार पडतात. मागच्या महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलीने मला दहा खेळ्यांत मात केली. हरल्यावर तिने “काका, पट परत लावू का?” असं विचारलं, ते जास्त लागलं. मग पाचव्या खेळीला घोडा ए५ हे उत्तर शिकलो. कॉम्प्युटरही तेच सांगतो. तरी पुढच्या स्पर्धेत हरलो. आता ऑफिसातला मित्र म्हणतो ट्रॅक्सलर खेळ. मुलाचे सर म्हणतात तिसऱ्याच खेळीला उंट सी५ला काढा, कटकट नको. यूट्यूबवर एक जण घोडा डी४ने पटापट डाव जिंकून दाखवतो. चौघांचं चार तऱ्हेचं. यातली खरी खेळी कोणती? हरलेले दोन्ही डाव सोबत पाठवले आहेत.
— चौथ्या खेळीचा धसका घेतलेला’

नमस्कार.

त्या मुलीचं आधी मिटवून टाकू. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. तीही कधीतरी नऊ वर्षांची होती, आणि तेव्हा तिच्यासमोर कुणीतरी काका बसलेच असणार. त्यांचं पुढे काही वाईट झालं असेल असं मला वाटत नाही.

आता पट लावा. (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग. मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्याद्याची खेळी.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६. हा दोन घोड्यांचा बचाव. चौथी खेळी घोडा जी५. एफ७च्या घरावर उंट आणि घोडा दोघांची नजर, आणि ते घर राखायला तुमच्याकडे एकटा राजा. जर्मन उस्ताद टाराशने या खेळीची अडाण्याची खेळी म्हणून टर उडवली होती. बाकीची मोहरी घरी झोपलेली असताना एकच घोडा दोनदा कशाला नाचवायचा, हे त्याचं म्हणणं. तत्त्व म्हणून पटतं. पण पुढे जगज्जेता झालेल्या अमेरिकेच्या फिशरनेही ती खेळली, तेव्हा समोरचा ती खेळला म्हणून त्याला अडाणी समजण्यात अर्थ नाही. तो धमकी देतोय आणि ती धमकी खरी आहे.

यावर डी५ करून उंटाची वाट अडवायची आणि पांढऱ्याने ई-प्याद्याने ते डी५वर मारायचं, इथपर्यंत बहुतेक सगळे सारखंच खेळतात. पाचव्या खेळीला वाटा फुटतात आणि तुमचे चार सल्लागार तिथेच (मित्र आणि सर तर त्याच्याही आधी) एकमेकांपासून वेगळे होतात.

तुमचा पहिला डाव पाहिला. पाचव्या खेळीला तुम्ही घोड्याने डी५चं प्यादं परत घेतलंत. आपलं गेलेलं परत घ्यावं, यात गैर काय? पण त्या मुलीने घोडा एफ७वर दिला, तुम्ही राजाने मारलात, आणि वजीर एफ३वर येऊन शह. आता डी५वरच्या तुमच्या घोड्यावर तिचा उंट आणि वजीर दोघे आहेत. घोडा टिकवायचा तर राजाला ई६वर, भर चौकात यावं लागतं. तुम्ही शहाण्या माणसासारखा राजा जी८ला परत नेलात, आणि तिथेच संपलं. उंटाने डी५वर शह, वजिराने उंट घेतला, तिच्या वजिराने तुमचा वजीर घेतला आणि पुन्हा शह, तुम्ही उंट ई६वर आडवा घातलात, वजिराने तो मारून मात. दहावी खेळी. मुलीने यात काही शोधलं असं समजू नका. हा हल्ला सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इटालियन खेळाडूंच्या वह्यांत आहे, आणि तिच्या क्लासात तो दुसऱ्या महिन्यात शिकवला गेला असणार.

राजा ई६ला नेला असतात तर? तर पांढरा घोडा सी३ला आला असता आणि तुम्ही पुढच्या पंधरा खेळ्या एक घोडा जास्त घेऊन, राजा भर बाजारात उभा करून, अंदाजाने बचाव केला असतात. हे जमवणारे लोक आहेत. तुम्ही आणि मी त्यातले नाही. शिवाय पांढऱ्याला एफ७वर घाईने उडी मारायचीही गरज नाही. सहाव्या खेळीला आधी डी४ केलं, ज्याला लोल्लीचा हल्ला म्हणतात, तरी काळ्याचे हालच आहेत.

मी खेळ्या कशा निवडतो ते इथे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. तुम्ही विचारताय, सर्वांत चांगली खेळी कोणती. मी स्वतःला विचारतो, या वाटेवर पाठ केलेलं विसरलं तर किती महागात पडेल? रविवारच्या रॅपिड स्पर्धेत, चौथ्या डावाला, जेवणानंतर, पंचेचाळिशीकडे झुकलेला माणूस विसरणार हे धरूनच चालायचं. घोड्याने डी५ घेण्याच्या वाटेवर एक खेळी विसरली की मात. म्हणून ती वाट बंद. कॉम्प्युटर किती आकडा दाखवतो हा प्रश्नच तिथे येत नाही.

आता घोडा ए५, म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलेली आणि तरी तुम्ही हरलेली खेळी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझं मत हिच्या बाजूचं आहे आणि तुम्ही ती अर्धवट शिकून सोडून देताय.

घोडा ए५ने सी४च्या उंटावर हल्ला होतो. पांढरा उंट बी५वर शह देतो, तुम्ही सी६ने आड घालता, तो डी-प्याद्याने सी६ घेतो, तुम्ही बी-प्याद्याने परत घेता. हिशोब केला तर एक प्यादं कमी. बदल्यात काय मिळालं? पांढऱ्याचा उंट पुन्हा पळतोय, जी५चा घोडाही आता पळणार आहे, आणि तुमची मोहरी एकेक खेळी फुकटात बाहेर येताहेत. प्यादं विकून वेळ घेतलाय.

उंट जुन्या वाटेने ई२ला गेला, तर तुम्ही एच६ने घोड्याला हाकलता. घोडा एफ३, की लगेच ई४ने त्याला पुन्हा हाकलता. घोडा ई५, तुमचा उंट डी६. पांढरा डी४ करतो, तुम्ही ई४च्या प्याद्याने ते डी३वर वाटेतच (आँ पासाँच्या नियमाने) मारता, घोड्याने परत घेतो, वजीर सी७. तुमचा उंट आणि वजीर एकामागे एक एच२कडे बघताहेत, डी आणि ई या उभ्या पट्ट्या पूर्ण मोकळ्या आणि बी तुमच्या बाजूने मोकळी आहे, हत्तींना काम आहे. अशी स्थिती मला काळ्या मोहऱ्यांनी कुणी रोज दिली तर मी तक्रार करणार नाही.

तुमच्या दुसऱ्या डावात नेमकी हीच स्थिती आली होती! तेराव्या खेळीला तुम्ही कॅसलिंग केलंत (राजाला हत्तीच्या आड नेलंत) तोवर सगळं पुस्तकातलं. म्हणजे ओपनिंगने, डावाच्या सुरुवातीने, तुम्हाला हरवलं नाही. विसाव्या खेळीला तुम्ही वजिरावजिरी केलीत. का? पत्रात लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. एक प्यादं कमी आहे ही गोष्ट डोक्यात टोचत होती, आणि मोहरी कमी झाली की धोका कमी होतो असं वाटलं. धोका कमी झाला खरा, पण तो पांढऱ्याला होता. वजीर गेल्यावर उरलं काय? वजिराच्या बाजूला त्याची तीन प्यादी, तुमची दोन, आणि तुमची दोन्ही एकेकटी, शेजारी कुणी नाही. हा शेवट आरामात बसून कुणीही जिंकेल. प्यादं देऊन वेळ विकत घ्यायचा आणि मग तो वेळ न वापरता मोहरी बदलत सुटायचं, हे म्हणजे कर्ज काढून पैसे कपाटात ठेवण्यासारखं. बँकेतल्या माणसाला हे मी सांगायची वेळ यावी!

दुसरं एक. तो ए५वरचा घोडा. अठ्ठाविसाव्या खेळीपर्यंत तो तिथेच होता, आलेल्या पाहुण्याला बसवून घरातले विसरून जावेत तसा. घोडा कडेला गेला की त्याची अर्धी घरं जातात, हे तुमच्या मुलालाही माहीत असेल. या बचावात तो उंटाला हाकलण्यापुरता तिथे गेलाय. काम झालं की त्याला बोलवा. सी-प्यादं सी५ला पुढे करून त्याला सी६वर आणता येतं, किंवा बी७वरून फिरवता येतं. माझ्या ओळखीतले जे जे या बचावात हरतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचा घोडा शेवटी ए५वरच सापडतो.

उंट ई२ ही जुनी वाट. हल्ली तुम्हाला आठव्या खेळीला उंट डी३ जास्त दिसेल. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही खेळी मला विनोद वाटली होती. स्वतःच्याच डी-प्याद्याच्या तोंडासमोर उंट उभा करायचा? पण त्यात शहाणपण आहे. उंट डी३वर असला की ई४चं घर पांढऱ्याच्या ताब्यात राहतं. तुम्ही सवयीने एच६ केलंत तर घोडा दिमाखात ई४ला जाऊन बसतो, आणि तुमचं ई४चं ढकलणं गेलं. म्हणून इथे एच६ विसरा. घोडा डी५ करा. एफ६ मोकळं झालं की तुमच्या वजिराची जी५च्या घोड्यावर नजर जाते, आणि डी५चा घोडा एफ४कडे टपून राहतो. पांढरा घोडा एफ३ला परतला तर तो ई५च्या प्याद्यावर हल्ला करतो, तेव्हा उंट डी६ने ते राखा, मग घोडा एफ४. तो ई४ला गेला तर एफ५ने हाकला. एवढंच. यापुढे पाठ करू नका, ते पटावर समजून येतं.

आठव्या खेळीला वजीर एफ३ही कुणी खेळेल, सी६वर दुहेरी डोळा ठेवून. हत्ती बी८ करा, बी५च्या उंटावर हल्ला होतो. सी६चं प्यादं त्याने घेतलंच तर घेऊ द्या. त्याची अजून मोहरी आत आहेत आणि तुमची बाहेर.

सहाव्या खेळीला बी५वर शह न देता डी३ करणारे भेटतील. हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या मॉर्फीचा मार्ग. एच६, घोडा एफ३, ई४, वजीर ई२, मग घोड्याने सी४चा उंट घ्या, तो प्याद्याने परत घेईल, उंट सी५. एक प्यादं कमी, दोन उंट तुमच्याकडे. (१९५६च्या मॉस्को ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत संघाच्या ब्रॉन्स्टाइनने पांढऱ्याने नॉर्वेच्या रोयानविरुद्ध इथे वजीर ई२ न करता ई४चं प्यादंच मारलं आणि सी४चा उंट सोडून दिला. मोहरं देऊन प्याद्यांची फौज पुढे काढली आणि जिंकला. तुमच्या स्पर्धेत ब्रॉन्स्टाइन येणार नाही, पण तो डाव जरूर पाहा.)

आठव्या खेळीला उंट ई२, तुम्ही एच६, आणि पांढरा घोडा एफ३ऐवजी एच३ला, कडेला नेतो, असंही होतं. तेव्हाच्या जगज्जेत्या श्टाइनिट्सने १८९०-९१च्या तारेवरच्या सामन्यात रशियाच्या चिगोरिनविरुद्ध हे केलं. खेळ्या तारेने जायच्या आणि महिनोन्‌महिने डाव चालायचा. चिगोरिनने त्या सामन्यातले दोन्ही डाव जिंकले. सत्तरेक वर्षांनी, १९६३मध्ये, फिशरने तीच एच३ची खेळी बाहेर काढून बिसगायरला हरवलं. खेळी एकच, निकाल उलट. तेव्हा एच३ दिसलं की हसू नका आणि घाबरूही नका. उंट सी५, कॅसलिंग, हत्ती ई८. हेतू बदलत नाहीत.

आता मित्राचा ट्रॅक्सलर. चौथ्या खेळीला घोडा जी५ आला तरी एफ७कडे बघायचंच नाही, उलट उंट सी५ करायचा. कारेल ट्रॅक्सलर हा बोहेमियातला (आजच्या चेकियातला) कॅथलिक पाद्री होता, कूटप्रश्न रचायचा आणि १८९० साली त्याने हे खेळून रायनिशला मात केली. तो डाव इतका सुंदर आहे की पाहिल्यावर कुणालाही वाटतं, आपणही असंच खेळावं. पांढऱ्याने घोड्याने एफ७ घेऊन वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला केला की तुम्ही उंट एफ२वर शह देऊन उडवून देता आणि पुढे आगीचा खेळ.

मलाही वाटलं होतं. हॉस्टेलवर असताना मी दोन महिने फक्त ट्रॅक्सलर शिकलो. एफ७वर घोडा पडला की पुढची पंधरा-सोळा खेळ्यांची झाडं मला तोंडपाठ होती. पहिल्या स्पर्धेत समोर एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी घोड्याने एफ७ घेतलंच नाही. उंटाने घेतलं, शह. राजा ई७. उंट बी३ला मागे. त्यांच्याकडे एक प्यादं जास्त, माझं कॅसलिंग गेलेलं, आणि माझ्या पंधरा खेळ्यांच्या झाडाला एकही फांदी लागेना. त्यांनी मला अत्यंत शांतपणे, चहा पीत, हरवलं. तुमचा मित्र तुम्हाला घोड्याने एफ७ घेण्याच्या वाटा दाखवत असेल. त्याला विचारा, उंटाने घेतलं तर काय? उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो ते बघा. संध्याकाळी दोघांत दहा-दहा मिनिटांचे डाव खेळायला ट्रॅक्सलर फार मजेचा आहे. खेळाच. पण विसरल्यावर काय पडतं, हे मी भरून आलोय.

यूट्यूबवाल्याचा घोडा डी४. याला फ्रिट्झचा बचाव म्हणतात (कॉम्प्युटरचा फ्रिट्झ नव्हे, अलेक्झांडर फ्रिट्झ नावाचा जर्मन खेळाडू). त्याचा सख्खा भाऊ म्हणजे पाचव्या खेळीला बी५, अमेरिकेच्या उल्वेस्टाडच्या नावाचा. त्या व्हिडिओत कोणता सापळा दाखवला असेल ते मी सांगतो. घोडा डी४ला, पांढरा सहावीला प्यादं डी६ला सरकवतो, तुम्ही वजिराने ते घेता, तो घोड्याने एफ७ मारून वजीर आणि हत्तीवर हल्ला करतो, तुम्ही वजीर सी६, तो हावरटपणे एच८चा हत्ती घेतो, तुम्ही वजिराने जी२, तो हत्ती एफ१, तुमचा वजीर ई४वर शह, तो उंट ई२ला आडवा घालतो आणि घोडा एफ३वर मात. कोंडून मात! हे बघून अंगावर काटा येतो, खरं आहे. व्हिडिओ टिकतो तो या मातेवर. पण चांगला खेळाडू डी६ खेळत नाही. तो सी३ खेळतो, तुम्ही बी५ करता, आणि तो उंट एफ१ला, जिथून निघाला तिथेच, परत नेतो. ही माघार पाहून हसू येतं. पण त्या उंटाने जी२ आधीच राखलेलं असतं, म्हणून वजीर मध्यात आणायचं तुमचं स्वप्न तिथे विरतं. उल्वेस्टाडच्या बी५लाही उत्तर हेच, उंट एफ१, आणि पुढे दोन्ही वाटा एकाच चौकात येऊन मिळतात.

त्या चौकातला सर्वांत मोठा डाव टपालावर खेळला गेला. पाचव्या टपाली जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत, १९६५ ते ६८ दरम्यान, सोव्हिएत संघाचा याकोव एस्ट्रिन पांढऱ्याने आणि अमेरिकेचा हान्स बर्लिनर काळ्याने. एस्ट्रिन या बचावाचा नावाजलेला अभ्यासक. बर्लिनरने आठव्या खेळीला वजीर एच४ला नेला, मग दहावीला प्यादं ई४, आणि मोहऱ्यांची फेक सुरू झाली. तो डाव त्याने जिंकला आणि जगज्जेताही झाला. नंतर लोकांनी पांढऱ्यासाठी सुधारणा शोधल्या, कॉम्प्युटरही हल्ली पांढऱ्याकडेच झुकतो. पण मुद्दा तो नाही. बर्लिनरकडे एका खेळीला विचार करायला दिवस होते, आणि त्याने ती वाट कधीपासून तयार करून ठेवली होती. तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. त्या चौकात तुमचा राजाही बऱ्याचदा डी८वर जाऊन बसतो आणि कॅसलिंग विसरावं लागतं. विसरल्यावरची किंमत? ट्रॅक्सलरपेक्षा कमी, ए५पेक्षा बरीच जास्त. दोन वर्षांनी हौस आली तर पहिली पसंती बदलून इथे या, माझा विरोध नाही.

राहिले मुलाचे सर. तिसऱ्याच खेळीला उंट सी५. यात चुकीचं काहीच नाही. जगातले मोठे खेळाडू आज बहुतेक तेच खेळतात, सी३-डी३चं शांत इटालियन. जी५वर घोडा आला तरी तुमचा वजीर तो खातो. पण एक प्रश्न टाळलात की दुसरा उभा राहतो. उंट सी५वर पांढरा बी४ करून तुमच्या उंटाला प्यादं खाऊ घालू शकतो. हा इव्हान्स गॅम्बिट, विल्यम इव्हान्स नावाच्या वेल्सच्या जहाज कप्तानाने १८२०च्या दशकात काढलेला, आणि क्लासमधल्या मुलांना तोही फार आवडतो. म्हणजे घोड्याचा धसका सोडून प्याद्याचा धसका घ्यायचा. सर चुकत नाहीत. फक्त तुम्ही धसक्यापासून पळण्यासाठी खेळी बदलताय, आणि धसका तुमच्या मागून येणारच आहे.

कॉम्प्युटरच्या आकड्याबद्दल थोडं. समजा तो ०.३ दाखवतोय. ०.३ म्हणजे प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फायदा, तोही दोन्ही बाजूंनी पुढे अचूक खेळल्यावर. दीड हजारच्या डावात अचूक खेळत कोण? तुमच्या दुसऱ्या डावात विसाव्या खेळीच्या आधी आणि नंतर आकडा बघा, म्हणजे ०.३चं वजन कळेल. आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या हातून खेळत नाही. त्याऐवजी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ओपनिंगचा जो साठा आहे, त्यात तुमच्या पातळीची रेटिंगं निवडता येतात. तिथे आठव्या खेळीच्या स्थितीवर जा आणि बघा तुमच्यासारखे लोक पुढे काय खेळतात. उंट ई२ किती वेळा, डी३ किती वेळा, एफ३वर वजीर किती वेळा. तुम्हाला तयारी कशाची करायची, ते तिथे उघडंच दिसेल.

करायचं काय ते आता सांगतो. घोडा ए५ सोडू नका. ट्रॅक्सलरवाल्या मित्राला पकडा. आठव्या खेळीला उंट ई२ झाल्यावरची स्थिती पटावर मांडा आणि तिथून सहा डाव खेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे, तीन तुम्ही काळ्याने आणि तीन पांढऱ्याने. पांढऱ्याने खेळणं टाळू नका. एक प्यादं जास्त असून त्या बाजूला बसल्यावर किती कोंडल्यासारखं होतं, हे एकदा अनुभवलंत की तुमच्या बाजूने बसून वजिरावजिरी करायची इच्छा आपोआप कमी होईल. पुढच्या आठवड्यात हेच उंट डी३च्या स्थितीतून. हे बारा डाव होईपर्यंत कॉम्प्युटर बंद. झाल्यावर लावा, पण आकड्याकडे न बघता फक्त एवढं बघा : प्रत्येक डावात ए५चा घोडा कुठल्या खेळीला मध्यात परतला, आणि वजीर कुणी आधी बदलायला निघालं. दोन रकाने आखा वहीत. बँकेतल्या माणसाला रकाने आखायचं मी काय सांगणार.

वहीत खेळ्या लिहिताना प्रत्येक खेळीपुढे एक वाक्य लिहा, का ते. ‘एच६ : घोड्याला हाकलायला.’ ‘घोडा डी५ : वजिराची वाट मोकळी, एफ४कडे नजर.’ चार वाक्यं पुरतात. स्पर्धेत खेळी विसराल, तेव्हा वाक्य आठवेल, आणि वाक्य आठवलं की खेळी बऱ्याचदा सापडते. घोडा ए५चं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की तिथे विसरलेलं पुन्हा शोधता येतं.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. समोरचे बरेच जण चौथ्या खेळीला घोडा जी५ खेळणारच नाहीत, साधं डी३ करतील. तेव्हा उंट सी५ करून सरांच्याच शांत इटालियनमध्ये जा. त्यामुळे सरांना नाही म्हणायचीही वेळ येणार नाही.

बारा डाव झाले आणि एक स्पर्धा झाली की कागद पाठवा. हरलेले आधी.